जाळीतला झेंडू

मंडळी, आमची सतरा वर्षांची पिकअप विकायचं आज सकाळी जवळपास पक्कं केलं होतं.

चिखलीहून चाकणला माल नेताना कुरुळीजवळच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन पुन्हा तापलं. महिन्यात तिसऱ्यांदा! कूलंट बदललं, वॉटर पंप बदलला, तरी काटा वरच.

शेवटी रफिकभाईंच्या गॅरेजला गेलो. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. पुढची जाळी काढली, टॉर्च मारली आणि विचारलं, "भाऊ, आत बाग लावलीय का?"

रेडिएटरच्या फटींत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या. आमचे आबा दर दसऱ्याला जाळीवर भला मोठा हार बांधतात आणि तो आपोआप गळेपर्यंत कुणाला काढू देत नाहीत. मग वारा आत जाणार कुठून?

रफिकभाईंनी आतल्या बाजूनं पाण्याची हलकी धार मारून सगळं साफ केलं. येताना त्याच ट्रॅफिकमध्ये काटा मधोमध होता.

घरी आबांना भीतभीतच सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का? मग औंदा मागच्या फाळक्याला बांधू. पण हार मोठाच आणायचा."

गाडी विकत नाही, राव. तुमच्या जुन्या गाडीचं नाक घरातल्या कुणी मायेनं दाबून धरलंय का? एकदा जाळी काढून बघा.