एकाच नावेची शर्यत

आमच्या तलावावरची शाळांची नावांची शर्यत इतकी जुनी आहे की माझ्या बाबांनीही तिच्यात वल्हं मारलंय. तेव्हा ते तिसरे आले होते. मी आठवीत जाईपर्यंत त्यांच्या सांगण्यात ते दुसरे झाले, आणि मधे एका लग्नात ते पहिले आल्याचंही माझ्या कानावर आलं. त्यांच्या काळी मासे धरणाऱ्यांच्या नावा मागून आणत आणि अर्धी शर्यत नावेतलं पाणी उपसण्यातच जाई. पुढे शाळांनी स्वतःच्या नावा घेतल्या, पण शर्यत मुलांचीच राहिली.

मी दहावीत असताना आमच्या बाईंनी भांडून मुलींचा गट सुरू करवला. त्यात आमची एकच नाव होती, म्हणजे पहिला नंबर पक्का. फक्त तलावात तरंगत ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. पण शर्यत भरवणाऱ्या म्हाताऱ्या सरांनी बजावलं होतं की मधेच अडकलात आणि दोर बांधून ओढून आणावं लागलं, तर पुढल्या वर्षीपासून मुलींचा गट बंद. आठवीतल्या मुली तर आतापासूनच आपला नंबर लागेल म्हणून आमच्या मागे फिरत होत्या. त्यांच्यासाठी तरी पोचणं भाग होतं.

चौघी वल्ह्यांवर आणि मी सुकाणूवर. माझा आवाज मोठा म्हणून माझी निवड झाली, दुसरा कुठला गुण नव्हता. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते, सुकाणूवालीचं तोंड पुढे. त्यामुळे माझं डावं ते त्यांचं उजवं. सरावात यावरून इतकी भांडणं झाली की मी डावं-उजवं बंदच करून टाकलं. जिकडे वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो ती बाजू कोराडी, जिकडे विमानं उतरतात ती मिहान. 'कोराडी, जोर' म्हटलं की त्या बाजूच्या दोघी ओढत. सरावात काठाकडे परतताना हुकूम नसत, नुसत्या गप्पा असत. ही युक्ती काढल्याबद्दल मी स्वतःवर भलतीच खूश होते.

शर्यतीत पिंपापर्यंत झकास गेलो. वळसा घातला, नाव फिरली आणि चिमण्या दुसऱ्या बाजूला गेल्या. मी ओरडले, 'कोराडी, जोर.' सकाळपासून कोराडी असलेल्या दोघींनी इमानदारीत ओढलं, पण त्या आता मिहानच्या बाजूला बसल्या होत्या. नाव वाकडी झाली. मी आणखी ओरडले, त्यांनी आणखी ओढलं. शेवटी नावेचं मागचं टोक काठाकडे झालं आणि आम्ही गरगरून थांबलो. दोरवाली नाव आमच्याकडे यायला निघाली. मला भयंकर भीती वाटली, तरी तोंड चालूच होतं.

तेव्हा माझ्यासमोर बसलेली, कोराडीच्या कॉलनीत राहणारी मैत्रीण म्हणाली, "तू आता चूप बस वं. काठ आम्हाले दिसून राहिला."

खरंच दिसत होता. आता काठाकडे पाठ होती ती एकट्या माझी. चौघींनी वल्ही उलटी रेटायला सुरुवात केली. एकमेकींना 'जरा थांब, आता तू' असं हळूच सांगत त्यांनी नाव उलटीच नेली. दोरवाले बाजूबाजूने येत राहिले, पण दोर फेकायची वेळ आली नाही. रेषा पार झाली ती मला त्या चौघींच्या चेहऱ्यांवरूनच कळली.

दुसऱ्या शाळेच्या सरांनी हरकत घेतली की उलटी आलेली नाव पोचली असं धरता येणार नाही. म्हातारे सर म्हणाले, "नाव आली ना गा? कोणी ओढून आणली का? मग झालं." पुढल्या वर्षी मुलींच्या दोन नावा ठेवू, असंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

आम्ही उतरायच्या आधीच आठवीतल्या मुली नावेत चढल्या आणि वल्हं उलटं कसं रेटायचं ते त्या चौघींना विचारू लागल्या. मला कोणीच काही विचारलं नाही. माझ्या ओरडण्यावाचूनही गट पुढे चालणार, याचं मला इतकं बरं वाटलं की मी सुकाणूपाशी बसून ढसाढसा रडले.