हेंकची दुर्बीण

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या ऑफिसात लंच टेबलावर एकदा विषय निघाला की त्यावर किस्से साठत जातात, फ्रीजमधल्या डब्यांसारखे. कुणी काढून टाकत नाही. सध्याचा विषय म्हणजे हेंकची दुर्बीण. हेंक माझ्या टीममधला सीनियर, लायसन्सवाला शिकारी. त्याने सेकंडहँड गाडी येईल एवढ्या किमतीची दुर्बीण घेतली. त्याचे आभार मानायचे राहिलेत, म्हणून हे सगळं सांगतोय.

पहिल्याच दिवशी आमच्या शुद्ध शाकाहारी कुलकर्णीने विचारलं, "यातून हरीण जवळ येतं की नुसतं दिसतं?"

"लांबच राहतं," हेंक म्हणाला. "म्हणून तर नीट बघायचं."

*

मी लेन्सच्या कामातला माणूस. त्याचे पैसे पाण्यात गेले हे पटवून देणं मला कर्तव्यच वाटलं. ऑफरमधली स्वस्त दुर्बीण आणली आणि भर दुपारी पार्किंगमध्ये टेस्ट लावली. दोन्हींतून लांबच्या गाडीची नंबरप्लेट सारखीच वाचता आली.

"मी दुपारी शिकारीला जात नाही," हेंक शांतपणे म्हणाला. "अंधारायला लागलं की ये."

मी काही गेलो नाही. जिंकलेली मॅच परत कोण खेळतो?

*

अख्खा सीझन हेंक रिकाम्या हाताने परतत राहिला. कुलकर्णी खूश!

"खात्री पटल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, हा माझा नियम," हेंक म्हणाला. "ही घेतल्यापासून 'नको' हे लवकर ठरतं."

आम्ही पोट धरून हसलो.

*

आई साताऱ्याहून आली, तेव्हा हेंक रविवारी कॉफीला आला. आईने दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ खिडकीतून बघत राहिली. हेंकला वाटलं, पक्षी बघतायत.

"अरे, समोरची बाई भांडी विसळतच नाही! फेसासकट पुसून ठेवते."

मी भाषांतर केलं. हेंक म्हणाला, "आम्हीही नाही विसळत." आईने त्याचा कप त्याच्यासमोर तीनदा विसळला.

*

ऑगस्टमध्ये आईला गावाबाहेर मक्याच्या शेताकडेला चाकवत सापडला. इथे त्याला तण म्हणतात. एका संध्याकाळी गार वारा सुटला म्हणून माझं तपकिरी जॅकेट घालून ती एकटीच गेली आणि अंधारता अंधारता पिशवी भरून परतली. ताकातली पातळ भाजी झाली.

दुसऱ्या दिवशी मी हेंकसाठीही डबा नेला. त्याने तो उघडलाच नाही.

"काल तुझी आई मक्याच्या कडेला होती? तपकिरी जॅकेट?"

"हो. तुला कसं कळलं?"

"मी मचाणावर होतो. कडेला काहीतरी तपकिरी हललं. खाली वाकलं, वर आलं, परत वाकलं. जुन्या दुर्बिणीतून तेवढंच दिसलं असतं." त्याने डबा बाजूला सरकवला. "मग कपाळावरचा लाल ठिपका दिसला."

कुलकर्णीने चमचा खाली ठेवला. हेंकची दुर्बीण त्याच्या उघड्या बॅगेत होती. मी ती काढली, खिशातलं लेन्सचं कापड घेतलं आणि दोन्ही काचा पुसत बसलो.