हिंदीतलं संशोधन

बाबांच्या शुगरच्या गोळ्या संपत कशा नाहीत, असं मी विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बंद केल्या ना मी. आता हे चूर्ण घेऊन राहिलो."

रायपूर राजधानी झालं, मोठमोठे दवाखाने आमच्या गुढियारी मोहल्ल्यापासून रिक्षाच्या अंतरावर आले, आणि बाबांनी औषध मागवलं ते मोबाईलवरून.

"पण काहून, बाबा?"

"त्या चूर्णवाल्याईनं संशोधन केलं आहे. लिहिलं आहे तिथं. तूच म्हणते ना, आधी संशोधन झालं का ते पाहा म्हणून."

म्हणत होते खरी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रेल्वेत रात्रपाळ्या करून बाबांनी मला बी.एस्सी. केलं. त्या शिक्षणातलं माझं एखादं वाक्य ते लक्षात ठेवत, याचं मला अप्रूप होतं.

मी त्या चूर्णाची साइट उघडली. पान हिंदीत होतं. ‘संशोधन के बाद नया फ़ॉर्मूला.’ माझं डोकंच तापलं. बाबा विदर्भातल्या मराठी शाळेत शिकलेले, मी त्यांच्या नोकरीच्या गावी, डोंगरगडच्या हिंदी शाळेत. मराठीत संशोधन म्हणजे शोध, अभ्यास, प्रयोग. हिंदीत त्याचा अर्थ नुसती दुरुस्ती.

"हे आपलं संशोधन नाही, बाबा. जुनं चूर्ण बदललं, एवढंच लिहिलंय."

"मग तर चांगलंच आहे. चूक सुधारली म्हणजे माणसं इमानदार आहेत."

मी साइटवरच्या डॉक्टरचा फोटो दाखवला. नाव होतं, पण ते कुठल्या दवाखान्यात बसतात याचा पत्ता नव्हता. बरे झालेल्यांच्या गोष्टी दाखवल्या. प्रत्येक गोष्टीखाली ‘अभी ख़रीदें’.

"जो विकतो तोच सांगतोय, बाबा."

"गोलबाजारातला भांडेवालाही विकते. घेतो ना आपण?"

"वाजवून घेतो. हे कसं वाजवाल?"

"तुले वकीलच करायले पाहिजे होतं," बाबा म्हणाले.

शेवटी मी थकून विचारलं, "बरं, चूक कोणती होती ते तरी लिहिलंय का? जुनं चूर्ण खाणाऱ्यांचं काय झालं?"

बाबांनी चष्मा चढवला आणि बराच वेळ पान खाली-वर केलं. तसं काहीच तिथं नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांनी शुगरची गोळी घेतली. चूर्णाचा डबा मात्र मला फेकू दिला नाही.

"राहू दे. उद्या फोन करून त्याईलेच विचारतो, काय चूक होती ते."

साइटवर फोन नंबरही नव्हता. तेही आता मलाच सांगायचं होतं.