केसाळ बेडकाची बायको

मेसुंबे फारसा बोलत नसे. ओढा मात्र त्याला घरासारखा ठाऊक होता. पाणी कुठे खडकावर आपटतं, कुठे मंदावतं, आणि केसाळ बेडूक त्या मंद पाण्यापासून पुढे खालच्या अंगाला का जात नाही, हे तो डोळे मिटून सांगे. त्याच्या दोन्ही हातांवर पांढरे वण होते. केसाळ बेडूक धरला, की तो स्वतःच्या बोटातलं हाड मोडून कातडीबाहेर नखं काढतो. म्हणून दुसऱ्या गावांतले लोक लांब भाला वापरत. मेसुंबे हातानेच धरी.

"भाला लागला की मेलाच तो," तो म्हणे. "नको असला तर परत सोडायचा कसा?"

गावाचा नियम जुना होता. केसाळ बेडूक आभाळातून ओढ्यात पडतो, म्हणून तो देवाचा. मूल होत नसलेल्या जोडप्याला, मूल व्हावं म्हणून, खायला एकच मिळे, तोही ओढ्याच्या राखणदाराच्या हातून. बापामागे ती राखण मेसुंबेकडे आली होती. गुळगुळीत बेडूक मात्र कुणाचाही. त्याचं नाव वेगळं, जात वेगळी. बायका टोपल्या भरून आणत, ताडतेलात परतत आणि उकडलेल्या केळ्यांबरोबर घरोघरी खात.

त्या वर्षी गावातल्या एवांगची मुलगी माहेरी आली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. मेसुंबे पाच दिवस छातीभर पाण्यात खडक चाचपत राहिला. एकही केसाळ बेडूक सापडला नाही.

"सापडेल कसा?" एवांग चारचौघांत ओरडला. "राखणदारानंच चोरून खाल्लेत! कुंपणच शेत खातंय!"

मुखिया एबोंगने दोघांना गप्प केलं. "दहा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी सभा. मेसुंबे, तोवर ओढा रिकामा का झाला ते सांग. नाहीतर राखण दुसऱ्याकडे जाईल, आणि गाव तुला चोर म्हणेल."

दुसऱ्या दिवशी मेसुंबेने अळूचे उकडलेले कंद पानात बांधले आणि निघाला. डोंगराच्या दोन्ही अंगांचे नऊ ओढे तो आठ दिवसांत चालला. परतला तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"या, आलात का?" बायको, एपोसी, चुलीपुढून म्हणाली. "सगळ्या बेडकांना माझा नमस्कार सांगितलात ना?"

तो तिच्या हातातल्या गुळगुळीत बेडकाकडे बघत बसला. तिने पोट चिरलं, बोटाने अंड्यांचा गोळा काढला आणि बाजूला ठेवला.

"अंडी नसलेला निघतो का कधी?"

"या दिवसांत? छे. सगळे असेच भरलेले. म्हणून तर चव लागते."

"आणि केसाळाच्या पोटात असतात?"

"तो माझ्या चुलीवर कधी आला? तो शिजवायचा मान एनांगेआजीचा. तिला विचारा!"

मेसुंबे सुजल्या पायांनीच उठला आणि आजीच्या घराकडे निघाला.

सभेत तो उभा राहिला. "मी नऊ ओढे पाहिले," तो म्हणाला. "पाच ओढ्यांत दोन्ही बेडूक आहेत. तीन ओढ्यांत एकही नाही, तिथलं पाणी संथ आहे. आपल्या ओढ्यात केसाळ नाही, आणि गुळगुळीतही टोपलीच्या तळाशी चार येतात. नुसता एकच प्रकार भरपूर आहे, असा ओढा मला दिसला नाही. डोंगरापलीकडचे लोक बेडूक खातच नाहीत. तिथे दोन्ही खच्चून भरलेत."

"मग काय झालं?" एवांग म्हणाला. "शेजारी असतील."

"एबोंगबाबा, एनांगेआजीला बोलू द्या," मेसुंबे म्हणाला.

सभेत बायका बोलत नसत; सभाघराच्या भिंतीमागे बसून ऐकत. मुखियाने डोकं खाजवलं. "भिंतीपलीकडूनच बोल, आजी."

"केसाळ मी चाळीस वर्षं शिजवतेय," भिंतीमागून आवाज आला. "एकाच्याही पोटात अंडी नव्हती. आणि गुळगुळीत कुणाला बिनअंड्याचा मिळाला असेल तर त्या बाईनं सांगावं."

बायकांकडून एकही आवाज आला नाही.

"म्हणजे गुळगुळीत ही केसाळाची बायको?" एवांग हसू लागला. "अंगावर केस नसलेली?"

"त्यात नवल काय रे, एवांग? तुझ्या छातीवर जंगल आहे, तुझ्या बायकोच्या नाही. म्हणून तुला आम्ही वेगळी जात म्हटलं का?" आजी भिंतीमागून म्हणाली.

सभा खदखदून हसली. एवांगही हसला असता, पण मेसुंबे हसत नव्हता.

"नवऱ्यांना आपण देव म्हणून जपलं," तो हळूच म्हणाला, "आणि बायका अंड्यांसकट खाल्ल्या. ओढा कुणी एकानं नाही संपवला."

मुखियाने मेसुंबेपुढे मानाचं कोलाचं फळ फोडलं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. राखण त्याच्याकडेच राहिली. दोन पावसाळे ओढ्यात टोपली बुडवायची नाही, असं ठरलं.

"आणि माझी मुलगी?" एवांगचा आवाज आता वेगळा होता. "ती दोन पावसाळे थांबेल. तिची सासू थांबेल का?"

"उद्या पहाटे निघू," मेसुंबे म्हणाला. "डोंगरापलीकडच्या लोकांकडे एक केसाळ मागतो. तू चल. बाप मागायला आला म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत."

त्या पावसाळ्यात एपोसी रोज घेवडा शिजवी आणि रोज नवऱ्याला ऐकवी, "खा आता! बेडकांचा संसार मांडलात, आमच्या तोंडची चव घालवलीत." शेजारणीने एकदा चोरून टोपली घेऊन चल म्हटलं, तेव्हा मात्र एपोसीने तिला दारातूनच परत पाठवलं.