पुलापलीकडची लोकर

गुंडीकाकू चोरी करते, अशी कुजबूज एका हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या इमारतीच्या जिन्यात सुरू झाली आणि दुपारच्या चहापर्यंत गच्चीवर पोचली. चोरीही काही मानाची नव्हे. दागिने नाहीत, भांडीकुंडी नाहीत. म्हणे, काकू स्वतःच भेट दिलेल्या विणलेल्या वस्तू लोकांच्या घरातून गुपचूप उचलते, घरी नेऊन उसवते आणि त्याच लोकरीचं दुसरं काहीतरी विणून पुढच्या थंडीत भलत्याच कुणाच्या तरी माथी मारते. ऐकणाऱ्या प्रत्येकाने आधी "छे, काहीतरीच" म्हटलं आणि मग आवाज उतरवून विचारलं, "पण कुणाकुणाकडून?"

आता ही काकू कोण, ते सांगतो. गुंडीकाकू हे नाव तिला कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला नजर होती. लोकरीची गुंडी सदैव काखेत, सुया अंबाड्यात खोचलेल्या, आणि शरीराची ठेवणही गुंडीसारखीच. जिना उतरायला लागली की वाटायचं, हिचं एक टोक वरच्या मजल्यावर अडकलेलं असणार आणि खाली येईपर्यंत ही निम्मी होणार. तेवढं आमचं नशीब नव्हतं.

बाईला हस्तकलेचं वेड होतं. छंद असता तर तिच्यापुरता राहिला असता. वेड सगळ्या घरादाराला भोगावं लागतं. झाडांना पालवी फुटायच्या आधी तिच्या दाराला कागदी पालवी फुटायची, आणि खरी गळून गेली तरी ही आपली चिकटलेलीच. पानगळीच्या दिवसांत ती बागेतली वाळकी पानं पोत्याने आणायची, त्यांना इस्त्री करायची आणि माळा ओवायची. मुलाचे कामावरचे शर्ट चुरगळलेले, पण पानं कडक. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या काड्यांचे दिवे व्हायचे. त्या दिव्यांचा उजेड पडायचा नाही, सावली मात्र भरपूर पडायची. आणि हिवाळ्यात लोकर. हिवाळ्यात तिच्या तडाख्यातून खुर्चीचे पायसुद्धा सुटत नसत.

रविवारी जेवणं आटोपली की टेबल पुसलं जायचं ते डिंकासाठी. मुलगा फ्रीज दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांच्या घरी वाकून आलेला तो जीव सुट्टीच्या दिवशी कागदी फुलांच्या पाकळ्या कापत बसायचा, आणि त्याच्या पाकळ्या चौकोनी व्हायच्या. "हे फूल आहे की नळाचा वायसर?" काकू विचारायची. तो पुढची पाकळी कापायचा, तीही चौकोनी. नात शाळेत जाताना कान असलेली टोपी घालून निघायची आणि कोपरा वळल्यावर ती दप्तरात जायची. सून दातांच्या दवाखान्यात रोग्यांचे नंबर पुकारायची. घरात हस्तकलेविरुद्ध बोलायची छाती तेवढी तिच्यात होती.

"आई, आमच्या दवाखान्यात लोक तोंड उघडतात ते दुखतं म्हणून," ती एकदा म्हणाली. "तुमच्या भेटी बघून उघडतात ते कशामुळे, विचारा एकदा."

"आनंदाने," काकू म्हणाली. "डोकं इकडे कर, माप घ्यायचंय."

मापाचं एक वेगळंच प्रकरण होतं. दर हिवाळ्याआधी काकू गळ्यात टेप आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून इमारतीतल्या प्रत्येक घरात जायची आणि डोकी मोजायची. साठीच्या माणसाचं डोकं वर्षभरात किती वाढणार, पण ती मोजायची. मोजता मोजता आतल्या खोलीत डोकावायची, चहा प्यायची, आणि मागच्या वर्षीचं काय करता हो त्याचं, असं सहज विचारायची. लोक म्हणायचे, जपून ठेवलंय. माझ्या हातातल्या काठीला तिने मोजा विणून दिला होता. काठीला थंडी वाजते हे मला तोवर माहीत नव्हतं. तो अजून काठीवर आहे, कारण काठी कुरकुर करत नाही.

या सगळ्या कारखान्याला लोकर पुरवायचं काम काकांकडे होतं. काका पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले, त्यामुळे पाठ कायमची वाकली आणि नजर जमिनीवरून उठेनाशी झाली. रोज सकाळी ते फिरायला जात आणि मधूनमधून लोकरीच्या लडी घेऊन येत. कुठून आणली म्हणून विचारलं की सांगत, "पुलापलीकडे एक दुकान आहे, स्वस्त देतो." काकू लडीतला एक धागा ओढून बघायची, सोडून द्यायची आणि म्हणायची, "चांगला दिसतोय हो तुमचा दुकानदार." एकदा आमची औषधवाली, म्हणजे तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानातली बाई, मुद्दाम पुलापलीकडे जाऊन आली. तिला तिथे टायरवाला दिसला आणि एक बंद पडलेलं थिएटर. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, संध्याकाळी उघडतं.

इतकं सगळं सोसून काकूला मिळत काय होतं, तर एक टेबल. थंडी सुरू झाली की आमच्या अंगणात रहिवाशांचा मेळावा भरायचा. चहा-बिस्किटं, पोरांची गाणी, सेक्रेटरींचं कुणी न ऐकलेलं भाषण, आणि मधोमध पांढरी चादर घातलेलं लांब टेबल. त्यावर काकूच्या वस्तू, घरागणिक एक, आणि टेबलामागे स्वतः काकू, राज्याभिषेकाला बसावी तशी. तिला बक्षीस नको होतं, पैसे नको होते. लोकांनी रांगेत यावं, वस्तू घ्यावी, "किती सुंदर" म्हणावं, एवढ्यावर ती पुढची थंडी येईपर्यंत जगायची. लोक रांगेत येत आणि म्हणत. खोटं बोलायला आमच्या इमारतीत कुणाला कधी कष्ट पडले नाहीत.

तर त्या वर्षी काय झालं, औषधवालीचा कान दुखत होता म्हणून काकूने तिची कानटोपी मेळाव्याआधीच पोचती केली. राखाडी टोपी, तिच्यावर बारीक काळे ठिपके. औषधवाली ती काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकांना हसून दाखवत असताना तिथे शिंपीणबाई आल्या. पलीकडच्या गाळ्यात यांचं शिवणाचं मशीन. त्यांनी टोपी उचलली, ठिपक्याला नख लावलं, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे डिझाइन नाही," त्या म्हणाल्या. "हे माझ्या मशीनचं तेल आहे."

त्यांचं म्हणणं खरं होतं. काकूने त्यांना आदल्या वर्षी राखाडी मफलर दिला होता आणि त्यावर तेलाचा मोठा डाग होता. मफलर उसवून त्याच धाग्याची टोपी विणली की एका जागचा डाग टाक्याटाक्यांतून विखुरतो आणि ठिपके होऊन बसतो. शिंपीणबाईंना धागा कळायचा, हे त्यांच्याबद्दल मी म्हणू शकेन असं एकमेव चांगलं वाक्य. मग दोघी बोलल्या. औषधवालीला आठवलं की आपल्याकडेही एक किटलीचा कोट होता, जांभळा, तो दिसत नाही, आणि सेक्रेटरींच्या बायकोला गेल्या मेळाव्यात मिळालेल्या हातमोज्यांत जांभळं काहीतरी आहे. सेक्रेटरींना आठवलं की त्यांचे गुडघ्यापर्यंतचे हिरवे मोजेही गेले. माप घ्यायच्या निमित्ताने बाई घरात शिरते, खांद्याला पिशवी असते. आणखी काय पुरावा हवा?

या त्रिकुटाने ठरवलं की मेळाव्यात सगळ्यांसमोर काकूला विचारायचं आणि टेबल काढून घ्यायचं. पुढच्या वर्षीपासून तिथे औषधवालीच्या बहिणीच्या मेणबत्त्या मांडायच्या, हेही ठरलं. बहीण मेणबत्त्या करते हे तोवर कुणाला माहीत नव्हतं, बहुधा बहिणीलाही नव्हतं.

सुनेच्या कानावर हे जिन्यातच आलं. मला वाटलं, पोरगी आतून सुखावेल; टेबल गेलं की रविवार सुटेल. पण तिने घरी जाऊन सासूला सगळं सांगितलं. काकू म्हणे एका ओळीचे टाके मोजत होती, ते मोजून झाल्याशिवाय तिने मान वर केली नाही. मग एवढंच विचारलं, "कोणकोण म्हणतंय, ते नीट सांग." आणि मेळाव्यापर्यंत तिच्या खोलीतला दिवा विझेना.

मेळाव्याला त्या वर्षी सगळी इमारत लोटली. तमाशा फुकट असला की आमच्याकडे गुडघे कुणाचे दुखत नाहीत. सेक्रेटरींनी भाषण आवरतं घेतलं, यावरूनच काहीतरी मोठं घडणार हे पोरांनाही कळलं. शिंपीणबाई टोपी हातात घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"काकू, ही लोकर माझ्या मफलरची आहे. हे ठिपके म्हणजे माझ्या मशीनचं तेल. माझ्या घरातला मफलर तुमच्या सुयांवर कसा आला?"

काकूने टोपी घेतली, उलटसुलट केली.

"तेलच आहे," ती म्हणाली. "पण मफलरला मशीनचं तेल कसं गं लागलं?"

शिंपीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. शेजारी नवरा उभा होता, मागे सगळी गिऱ्हाइकं.

"गळ्यात होता. शिवताना लागलं. मी तो काढतच नव्हते गळ्यातून."

"इतका आवडला होता?"

"जीव होता माझा त्याच्यावर. म्हणून तर विचारते."

झालं, बांध फुटला. औषधवाली म्हणाली, किटलीचा कोट म्हणजे तिच्या घराची शोभा होती. सेक्रेटरी म्हणाले, हिरव्या मोज्यांशिवाय त्यांना झोप लागत नाही. मागून आणखी कुणाकुणाच्या आवडत्या वस्तू गेल्याचं कळत गेलं. चारचौघांत लुटलं गेल्याचं सांगण्यात एक सुख असतं, ते कुणाला सोडवेना.

काका खुर्चीवरून अर्धवट उठले. "अहो, ऐका जरा, ते मीच..."

"तुम्ही बसा," काकू म्हणाली. "चहा निवतोय तुमचा."

काका बसले. लग्नानंतर त्यांनी कधी याहून वेगळं काही केलं नव्हतं.

मग काकू उभी राहिली, आणि देवाशप्पथ, बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला आपलं वाटायचं, माझ्या वस्तू तुम्हाला नकोशा होत असतील," ती म्हणाली. "आज कळलं, तुम्ही किती जीव लावला होता. कशा गेल्या, कुठे गेल्या, ते शोधत नाही बसत. गेलेली प्रत्येक वस्तू मी भरून देते." आणि तिने सुनेला खूण केली.

सुनेने टेबलाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. आत सगळं होतं, त्याच उरलेल्या लोकरींचं, पुरली नाही तिथे तशीच आणखी जोडून. राखाडी ठिपक्यांचा नवा मफलर, कमरेपर्यंत येईल असा. जांभळा किटलीचा कोट, वर गोंड्यासकट. हिरवे मोजे, आता गुडघ्याच्याही वर.

"ज्याचा जीव आहे त्याने घालावं," काकू म्हणाली. "इथेच, माझ्यासमोर. आणि थंडी सरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. काढून ठेवलं की नाहीसं होतं, हे आपण पाहिलंच."

शिंपीणबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा आकाशाकडे. त्यांनी मफलर गळ्यात घातला. सुनेने ट्रंकेत हात घालून पुढची वस्तू काढली आणि दवाखान्यातल्या आवाजात पुकारलं, "पुढचे कोण?"

तो हिवाळा मी जन्मात विसरणार नाही. शिंपीणबाई मशीनवर वाकल्या की मफलरचं टोक सुईखाली जायचं. त्यांनी एकदा तो गिऱ्हाइकाच्या पॅंटला शिवला. औषधवालीच्या काउंटरवर किटलीच्या डोक्यावर जांभळा गोंडा डोलत असायचा, आणि लोक सर्दीचं औषध मागता मागता विचारायचे, आजीने केलंय का. सेक्रेटरी मोजे घालून सभेला येत आणि खाजवत. काकू रोज फेरी मारायची. टेप गळ्यात, पिशवी खांद्याला, आणि प्रत्येकाकडे बघून म्हणायची, "शोभतंय हो."

टेबल तिच्याकडेच राहिलं. त्या मेणबत्त्या कधी लागल्या नाहीत. रविवारी मुलगा पाकळ्या कापत राहिला, चौकोनी. फरक पडला तो एवढाच की शेजारी बसून सून आता डिंक लावायची, आणि कुणी न सांगता.

कुजबूज मात्र मेली नाही. आमच्याकडे नवीन भाडेकरू आला की त्याला अजून सांगतात, त्या काकूपासून जपून, वस्तू उचलते. ते खोटं आहे असं कुणी म्हणत नाही, कारण म्हणायचं तर मग वस्तू गेल्या कशा तेही सांगावं लागेल. मला काकूनेच सांगितलं, काठीचा मोजा बदलायला आली होती तेव्हा.

काकूने कुणाच्या घरातून काही उचललं नव्हतं. लोकांनी तिच्या वस्तू इमारतीमागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या होत्या. शिंपीणबाईंनी तर आधी मफलरने मशीन पुसून घेतलं होतं. काका सकाळी फिरायला जाताना त्या पिंपातून काढत, पाण्याच्या टाकीमागे बसून उसवत, धूत, आणि दुकानातली नवी लोकर म्हणून तिला देत. उसवलेली लोकर कितीही धुतली तरी कुरळी राहते, आणि विणणाऱ्या बाईला ते धागा ओढताच कळतं. काकूला पहिल्या लडीपासून माहीत होतं. पुलापलीकडे लोकरीचं दुकान नाही.