देव पाण्यात, बाबा बर्फात

शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आम्ही राहायचो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी बहीण सहा वर्षांची. सोमवारी मला शाळेत आइस्क्रीमच्या काड्यांची एक झोपडी करून न्यायची होती. तीन आठवडे हातात होते. तेवढ्या वेळात मी एक भिंत उभी केली होती आणि तीही खाली बसायच्या बेतात होती. आता मला बर्फच वाचवू शकत होता. भरपूर पडला की शाळा बंद.

वर्गातल्या मुली म्हणायच्या, पायजमा उलटा घालून झोपायचं आणि टॉयलेटमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करायचं, की दुसऱ्या दिवशी बर्फ पडतो. मला हे काही पटेना. आमच्या घरी याहून खात्रीचा आणि स्वच्छ उपाय होता. मावशीच्या दहावीच्या निकालाच्या वेळी आजीने देव पाण्यात ठेवले होते आणि मावशी पास झाली होती, हे आईने निदान दहा वेळा सांगितलं होतं. मागितलेलं मिळेपर्यंत देवाला पाण्याबाहेर काढायचं नाही, एवढाच नियम. मावशीच्या गणिताच्या गोष्टी मी ऐकून होते. त्यामानाने बर्फ पाडणं देवाला सोपं जाणार होतं.

आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण. त्यात दोनच देव, पितळेचा गणपती आणि रांगणारा बाळकृष्ण. बाबा देवाबिवाला मानत नसत. आई उदबत्ती लावायला लागली की ते फक्त छतावरच्या स्मोक अलार्मकडे बघत. मी बाळकृष्ण निवडला. लहान मुलाला शाळेचं दुःख जास्त कळेल, असं मला वाटलं. गुरुवारी आई ऑफिसमधून यायच्या आत मी स्टीलच्या डब्यात पाणी भरून त्याला आत ठेवलं आणि डबा घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, रिकाम्या कुंडीमागे लपवला. आईला दिसू नये हे तर होतंच, पण बाहेर ठेवलं म्हणजे नक्की काय पाडायचंय हे त्याला नीट समजेल, असाही माझा हिशेब होता.

प्रश्न उरला रिकाम्या जागेचा. बहिणीला बाहुल्यांपेक्षा हिरवे प्लास्टिकचे सैनिक आवडत. त्यातला एक पोटावर सरपटत बंदूक रोखणारा होता. बाळकृष्णाचं पिवळं वस्त्र मी त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं. बंदूक आत गेली. हेल्मेटवर एक कागदी फूल ठेवलं.

"ही लुक्स होली," बहीण इंग्रजीत म्हणाली.

संध्याकाळी आईने घाईघाईत उदबत्ती ओवाळली, सैनिकाला कुंकू लावलं आणि कुकर चढवायला गेली. आम्ही दोघी टेबलाखाली तोंड दाबून हसत होतो.

शुक्रवारी दुपारी बर्फ सुरू झाला. मी खिडकीत नाचले. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बाबांचा शिकागोतल्या स्टेशनवरून फोन आला, "ट्रेन सुटत्ये, सातपर्यंत पोचतो." आमच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता. सात वाजून गेले, आम्ही जेवलो, झोपलो, बाबा आले नाहीत. शनिवारी सकाळी उठून पाहिलं तर डेकवरची खुर्ची बर्फात गडप झाली होती आणि वरून अजून पडतच होता. टीव्हीवर अडकलेल्या गाड्या दाखवत होते. आई सारखी रेल्वेला फोन लावत होती आणि लाइन सारखी एंगेज लागत होती. तिने पोळ्या केल्या. त्या करपल्या, तरी तिने तशाच डब्यात भरल्या. एरवी जरा डाग पडलेली पोळीही ती आम्हाला वाढत नसे. आई घाबरली आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मग मीही घाबरले.

कारण हे कुणी केलंय, ते मला ठाऊक होतं. बर्फ मागितला, तो मिळाला, तेव्हाच देवाला बाहेर काढायला हवं होतं. पण बर्फ सोमवारपर्यंत टिकावा म्हणून मी त्याला पाण्यातच ठेवलं होतं. तो आहे तोवर बर्फ पडणार, आणि बर्फ पडतोय तोवर बाबा येणार नाहीत.

आई फोनला चिकटलेली असताना मी डेकचं सरकतं दार जेमतेम माझ्यापुरतं उघडलं. बहिणीने मागून माझं जॅकेट धरलं आणि मी उलथन्याने बर्फ उकरायला लागले. बोटं बधिर झाली तेव्हा कुठे डबा लागला. आतलं पाणी दगड झालं होतं. मी डबा बाथरूममध्ये नेला आणि त्यावर हेअर ड्रायर धरला.

"आत्ता कुणी केस धुतले?" म्हणत आई दारात आली.

डब्यात बर्फाच्या तळाशी बाळकृष्ण हातातला लाडू पुढे करून आमच्याकडे बघत होता. मी रडत रडत बाळकृष्णाला पाण्यात का ठेवलं ते सांगितलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. आई स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यामागून तिने एक पातेलं काढलं. त्यात पाणी होतं आणि पाण्यात गणपती होता.

"तरीच!" ती म्हणाली. "तू एकाला बर्फ पाडायला बसवलंस आणि मी दुसऱ्याला थांबवायला! देवांनी तरी काय करायचं गं?" मग तिचा चेहरा बदलला. "थांब. हे दोघं इथे, तर देवघरात कोण आहे?"

तिने पिवळं वस्त्र उचललं.

"कालपासून मी तुझ्या बाबांसाठी ह्याला हात जोडतेय?"

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही दोघी तिच्या कुशीत शिरलो.

दुपारी चारच्या सुमाराला बाबा आले. वाटेतल्या एका स्टेशनजवळ गाडी अडकली होती, सगळ्यांनी तिथल्या एका शाळेच्या जिममध्ये रात्र काढली होती, तिथला फोन बंद पडला होता आणि शेवटी रस्ते साफ करणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्यांना कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं होतं. आईने आधी ओल्या बुटांवरून त्यांना झापलं. बहिणीला काही राहवेना.

"बाबा, आई पुट गणपती इन वॉटर फॉर यू!"

आई ओशाळली. आता बाबा तिची टर उडवणार असं मला वाटलं. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"मग काढ त्याला आधी," ते म्हणाले. "गारठला असेल."

त्यांनी स्वतःच टॉवेल आणून दिला. बाळकृष्णाला अजून बर्फातून पुरतं सोडवायचं होतं. ड्रायर धरून बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "आणि हा कशासाठी होता?" मी सांगितलं. तोवर बर्फ थांबला होता. रविवारी ऊन पडलं, रस्ते मोकळे झाले आणि आम्ही चौघं दिवसभर काड्या चिकटवत बसलो. सोमवारी शाळा वेळेवर उघडली.

झोपडीच्या दारात राखण करायला बहिणीला तो सैनिक हवा होता. आईने ठाम नकार दिला.

"तुम्ही घरी यावं म्हणून ज्याच्यापुढे हात जोडले, तो हा," ती बाबांना म्हणाली. "हा आता इथेच राहणार."

तो अजून तिथेच आहे, गणपती आणि बाळकृष्णाच्या मधे. बाबा आजही देवाला मानत नाहीत. पण बाहेरगावी निघताना ते त्या सैनिकाला सलाम ठोकून जातात.