जमा केलेली रायफल

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. खंडेनवमीच्या दिवशी पाटावर पाहिलेली ती रायफल मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. अटक झाली नाही, खटला उभा राहिला नाही, वर्तमानपत्रात ओळही छापून आली नाही. तरीही पंचवीस वर्षांच्या सेवेतलं एकच प्रकरण सांगायला सांगितलं तर मी हेच सांगेन.

मिशिगनमध्ये नोव्हायजवळच्या एका लहान शहराच्या पोलीस खात्यात मी होतो, शेवटची बारा वर्षं डिटेक्टिव्ह म्हणून. दहावीपर्यंत नागपुरात शिकलो. मग वडिलांची मोटार कंपनीतली नोकरी आम्हा सगळ्यांना इकडे घेऊन आली. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे आपल्या लोकांचं काहीही निघालं की ते माझ्या टेबलावर येई. बहुतेक वेळा ती पार्किंगवरची भांडणं असत, नाहीतर दिवाळीच्या फटाक्यांच्या तक्रारी.

त्या दुपारी खबर आली ती एका अपार्टमेंट संकुलात देखभालीचं काम करणाऱ्या माणसाकडून. थंडी सुरू व्हायच्या आधी घरोघरी हीटरचे फिल्टर बदलायचं काम तो करत होता. एका घरात म्हातारे गृहस्थ एकटेच होते. त्यांनी हसून दार उघडलं, काम झाल्यावर याच्या हातावर गोड काहीतरी ठेवलं, आणि यानं ते खाल्लं. बाहेर पडताना त्याला हॉलच्या कोपऱ्यात एका लाकडी फळीवर लष्करी रायफल ठेवलेली दिसली. तिच्यावर झेंडूची फुलं होती आणि लाल डाग होते. बाजूला हातोडी, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि गाडीच्या जादा किल्ल्या नीट मांडलेल्या होत्या. त्यानं फोटो काढला आणि आम्हाला फोन केला. म्हणाला, माणूस फार चांगला वाटला, पण न सांगता गेलो असतो तर मला झोप लागली नसती.

माझ्याबरोबर सार्जंट होती. वयानं आणि अनुभवानं माझ्यापेक्षा मोठी, उत्तर मिशिगनच्या शेतावर वाढलेली, दरवर्षी हरणाच्या शिकारीला जाणारी. फोटोतले लाल डाग तिला रक्ताचे वाटले. गाडीत मी तिला सांगितलं की हे कुंकू आहे. आज आमच्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात. तुझ्या घरी काय पुजलं, असं तिनं विचारलं. स्क्रूड्रायव्हरचा संच आणि मिक्सर, असं मी सांगितल्यावर ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "म्हणजे प्रकरण मिटलं."

मी म्हणालो, "नाही. आता सुरू झालं."

कारण त्या संकुलात राहणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईहून कामाच्या व्हिसावर आलेले इंजिनिअर होते. आपल्या लोकांना इथले टॅक्सचे नियम पाठ असतात, गाडीच्या विम्याची कलमं पाठ असतात. पण कामाच्या किंवा पाहुण्याच्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ बाळगता येत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो मोठा गुन्हा आहे. आधी तुरुंग आणि नंतर देशाबाहेर. बंदूक पूजेसाठी आणली होती असं सांगून कायदा बदलत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिनिअर कामावरून परतला होता. वय पस्तिशीच्या आत, एका मोटार कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घेणारा. त्याची बायको गरोदर होती, दिवस भरत आले होते. म्हातारे गृहस्थ त्याचे वडील, साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. नातवंडाच्या येण्यासाठी सहा महिने इकडे आले होते. सार्जंटनं सगळ्यांना टेबलापाशी बसवलं आणि ती एकटी पाटाजवळ गेली. रायफल न उचलता तिनं खालचा लोखंडी दांडा ओढून गोळी बसायची आतली जागा उघडली. गोळी नव्हती. सुभेदारसाहेब लांबून बघत होते. समाधानानं मान हलवून ते मला म्हणाले, "बरोबर. आधी चेंबर. बाईंना कुणीतरी नीट शिकवलंय."

मी नेहमीप्रमाणे सांगितलं की तुम्ही अटकेत नाही, उत्तर द्यायची सक्ती नाही, वकिलाला फोन करता येईल. दोन्ही भाषांत सांगितलं. इंजिनिअरचा चेहरा एकदम सैल झाला. "काका, तुम्ही मराठी आहात! मग लपवायचं काय?"

"मराठी आहे म्हणून मराठीत सांगतोय. तुम्ही जे बोलाल ते मी यांना इंग्रजीत शब्दाला शब्द सांगणार आहे. विचार करून बोला."

तो थोडा गोंधळला, पण बोलला. आपल्या शिकलेल्या माणसांचं मी हे नेहमी पाहिलं आहे. पोलिसासमोर गप्प बसणं त्यांना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं, म्हणून ते न विचारलेलंही सांगतात.

गावाकडे त्यांच्या घरी दर खंडेनवमीला तलवार पुजतात. यंदा वडील इथे, आणि पाटावर नुसता स्क्रूड्रायव्हर असणार. मुलाला ते बोचलं. तलवार आणण्यापेक्षा वडिलांनी उभी हयात जे हत्यार बाळगलं तेच आणावं, असं त्यानं ठरवलं. कुणीतरी सांगितलं की बंदुकांच्या जत्रेत जुन्या लष्करी रायफली मिळतात, सैन्यांनी मोडीत काढलेल्या. तो एका शनिवारी गेला. आधी आठवडाभर अभ्यास केला होता. लाकडाला चीर आहे का, नळीत गंज किती, सुट्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का, वजन किती. एका खासगी विक्रेत्याच्या टेबलावर त्यानं तीन रायफली निवडून बाजूला काढल्या. एक रशियन, रांगडी. दुसरी ब्रिटिश बनावटीची थ्री-नॉट-थ्री, वडील भरती झाले तेव्हा त्यांच्या हातात दिलेली तीच जात. तिसरी आणखी जुनी, एका वेळी एकच गोळी घेणारी, घोड्याच्या खाली लांब दांडा असलेली. त्याच्या सगळ्या निकषांवर मधली थ्री-नॉट-थ्री पहिली येत होती. लाकूड धड, नंबर जुळलेले, नळी स्वच्छ.

"मग तीच घेतली?"

"नाही ना. बाबांना व्हिडिओ कॉल करून तिन्ही दाखवल्या. ते म्हणाले, शेवटची आण. मी म्हटलं, अहो बाबा, तिचा दांडा घट्ट झालाय, लाकडाला चीर आहे. तर म्हणाले, तीच आण."

मग मी त्याला व्हिसा विचारला. त्याचा कामाचा, वडिलांचा पाहुण्याचा. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत. मी त्याला कायदा सांगितला.

त्यानं आधी काही समजलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "पण विकणाऱ्यानं काहीच विचारलं नाही." त्या काळी इथे खासगी विक्रीत लांब बंदुकीसाठी कागदपत्रं लागत नसत. विकणाऱ्यानं विचारलं नाही म्हणजे कायदा नाही असं होत नाही, हे मला सांगावं लागलं. त्याची बायको उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "यांना घेऊन जाणार का?" मी म्हणालो, अजून काही ठरलेलं नाही. ते खरं होतं, पण मला उत्तर दिसत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

तेवढ्यात सार्जंटनं विचारलं, "त्यांना विचार, हीच का? चांगली सोडून वाईट का घेतली?"

मला तो प्रश्न सुचला नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं तो गैरलागू होता. पण तिच्या गावात माणूस बंदूक घेतो तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते कारण कळल्याशिवाय ती उठणार नव्हती. मी सुभेदारसाहेबांना विचारलं, "काका, या विचारतायत, तीनांतून हीच का निवडली?"

ते सरळ बसले. "साहेब, मधली बघितली आणि ओळखली. माझ्या खांद्याला होती तसलीच. पण ती मी कोतात जमा केली. कोत म्हणजे आमचं पलटणीचं हत्यारघर. जमा केली, सही केली, सलाम केला. जमा केलेलं हत्यार परत आपलं होत नाही. ते बाजारातून विकत आणून देवापुढं ठेवायचं म्हणजे पलटणीचा माल घरात आणल्यागत झालं. आणि तसली उचललेले माझ्यासारखे अजून जिवंत हाईत. मग पोराला म्हटलं, ही शेवटची आण. हिला ज्यांनी उचललं त्यांतलं कुणी आता शिल्लक नसणार. हिच्यावर कुणाचा हक्क उरला नाही. हिची पूजा चालते."

मी इंग्रजीत सांगू लागलो आणि शेवटच्या वाक्याला थांबलो. हिला उचललेलं कुणी शिल्लक नसणार. म्हणजे ही रायफल किती जुनी?

सार्जंटही माझ्याकडे बघत होती. कायद्यात एक ओळ आहे. अठराशे नव्याण्णव सालाच्या आधी बनलेली बंदूक ही बंदूक नाही, ती पुराणवस्तू आहे. व्हिसाची अट तिला लागू होत नाही. विकणाऱ्यानं "पहिल्या महायुद्धातली असेल" असं मोघम सांगितलं होतं, आणि आमच्या दोघांपैकी कुणालाच जुन्या लष्करी रायफली कळत नव्हत्या. सार्जंट म्हणाली, आमच्याकडे बंदूक हरणासाठी घेतात, इतिहासासाठी नाही.

साल कुठे असलंच, तर ते लोखंडी सांगाड्यावर ठोकलेलं असणार. या रायफलीचा तो भाग हळदीकुंकवानं माखला होता, आणि आता ते वाळून घट्ट झालं होतं. मी ते पुसायची परवानगी मागितली. सुभेदारसाहेब म्हणाले, थांबा. त्यांनी वाटीतल्या चार अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि रायफलीला हात न लावता पाट जरासा हलवला. पूजा उतरवली होती. सार्जंटला मी काही समजावून सांगितलं नव्हतं, तरी ती तोवर हात मागे बांधून उभी राहिली. मग तिनं हातमोजे घातले आणि रायफल धरली. मी ओल्या रुमालानं पुसू लागलो.

आधी मुकुट दिसला. त्याखाली ब्रिटिश राणीच्या नावाची दोन अक्षरं. मग एक, मग आठ, मग आणखी एक आठ. चौथा आकडा झिजला होता. मला चौथ्याची गरज नव्हती.

इंजिनिअरला मी लगेच काही कबूल केलं नाही. ठोकलेलं साल खोटं असू शकतं, सांगाडा नंतर बदललेला असू शकतो. रायफल तपासणीसाठी नेणं भाग होतं. सुभेदारसाहेबांनी पावती मागितली. मी लिहून दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि मला सलाम केला. म्हणाले, "जमा झाली."

ॲन आर्बरचे एक वृद्ध संग्राहक आम्हाला असल्या कामात मदत करत. त्यांनी रायफल पूर्ण खोलून पाहिली आणि लेखी मत दिलं की सांगाडा मूळचाच, एकोणिसाव्या शतकातला. मी त्यांना इंजिनिअरच्या फोनमधला थ्री-नॉट-थ्रीचा फोटोही दाखवला. ती विसाव्या शतकातली होती, हे सांगायला त्यांना चष्माही लागला नाही. सरकारी वकिलांनी गुन्हा होत नाही असं कळवलं आणि मी प्रकरण बंद केलं.

रायफल परत द्यायला मी आणि सार्जंट दोघंही गेलो. तोवर नात झाली होती. इंजिनिअर पुन्हा पुन्हा आमचे आभार मानत होता. सार्जंटनं त्याला सांगितलं, आभार तुझ्या वडिलांचे मान. तू निवडली असतीस तर आम्ही आज वेगळ्या कामाला आलो असतो. त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुभेदारसाहेबांनी खिशातून पावती काढून मला परत दिली आणि मगच रायफल घेतली. सार्जंटच्या हातावर त्यांनी दोन पेढे ठेवले. म्हणाले, एक तुमचा, एक त्या हीटरवाल्याचा. त्यानं बरं केलं सांगितलं ते.

या प्रकरणाबद्दल मी बऱ्याच जणांचा ऋणी आहे. पेढा खाऊनही फोन करणाऱ्या त्या माणसाचा. गैरलागू प्रश्न विचारणाऱ्या माझ्या सार्जंटचा. त्यानंतर मीही चौकशीत नेहमी विचारू लागलो, की हे का घेतलं यापेक्षा ते दुसरं का सोडलं? त्या एका प्रश्नानं मला पुढे पुष्कळ काही दिलं. आणि सर्वांत जास्त ऋणी आहे सुभेदारसाहेबांचा. त्यांना इथला एकही कायदा माहीत नव्हता. आपल्या पलटणीचा नियम मात्र त्यांनी घरच्या पाटापर्यंत पाळला, आणि त्यातून मुलगा वाचला.

इथल्या खात्यांत एक प्रथा आहे. निवृत्त होणाऱ्याला त्याचं सेवेतलं पिस्तूल नाममात्र किमतीत घरी नेता येतं. माझ्या निरोप समारंभात खात्याच्या साहेबांनी ते काचेच्या पेटीत घालून पुढे केलं. मी आभार मानले, पेटी उघडली, आधी चेंबर तपासलं, आणि पिस्तूल टेबलावर ठेवून म्हणालो, जमा. साहेब गोंधळले. निवृत्त झालेली माझी सार्जंट मागच्या रांगेत बसली होती. ती एकटीच हसली.

ते पिस्तूल आता खात्यातल्या कुणातरी तरुणाच्या कमरेला असेल. खंडेनवमीला बायको पाटावर स्क्रूड्रायव्हर आणि मिक्सर मांडते. मी एक फूल बाजूला ठेवतो, ते त्या पिस्तुलासाठी.